३८१ दिवसांचा हिशेब



अमेरिकेतल्या काळ्या जनतेच्या नागरी हक्कांच्या लढ्याची गोष्ट सभांतून नेहमी अशी सांगतात: रोझा पार्क्स नावाची एक गरीब बाई शिवणकाम करून दमली होती, म्हणून बसमध्ये गोऱ्या उतारूसाठी जागेवरून उठली नाही. मग मार्टिन ल्यूथर किंग आले, भाषण केले, आणि हक्क मिळाले! ही गोष्ट आम्हांला साफ नामंजूर आहे. असल्या गोष्टी ऐकून माणूस टाळ्या पिटतो नि घरी जाऊन झोपतो.

रोझाबाई काही बिचारी नव्हती. मोंटगोमेरी शहरात काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेची ती जुनी चिटणीस. १ डिसेंबर १९५५ ला तिला अटक झाली, तेव्हा जामिनासाठी धावला तो ई. डी. निक्सन, रेल्वेच्या शयनडब्यांतला पोर्टर आणि आपल्या युनियनचा खंदा पुढारी. त्याच रात्री कॉलेजात शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांनी हजारो हँडबिले सायक्लोस्टाइल केली: सोमवारी बसमध्ये चढू नका. ती दुसऱ्या दिवशी वस्तीवस्तीत पोचली, कारण वाटणारे हात आधीपासून तयार होते. दीड वर्षापूर्वीच या बाईंनी मेयरला पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिला होता!

५ डिसेंबरच्या सोमवारी बसगाड्या रिकाम्या धावल्या. पण एक दिवस बंद पाळणे सोपे हो! मंगळवारी कामावर जायचे कसे? शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन गोऱ्यांची धुणीभांडी करणाऱ्या बायका त्या. टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, १० सेंटांत, माणसे नेली. तर अधिकाऱ्यांनी ४५ सेंटांखाली भाडे घ्याल तर खबरदार म्हणून दटावले. मग सुमारे ३०० खासगी मोटारी जमवल्या. थांबे ठरले, वेळा ठरल्या. गाडी नाही मिळाली ते पायी निघाले.

आणि पेट्रोलचा पैसा? जॉर्जिया गिलमोर ही स्वयंपाकीण. बसवाल्याविरुद्ध कोर्टात साक्ष दिली म्हणून तिची नोकरी गेली. तिने बायका जमवल्या, कोंबडी तळून, केक-पाव करून विकले आणि पैसा लढ्याला दिला. वर्गणीदार बाईचे नाव मालकिणीला कळले तर तिचीही चूल विझायची. म्हणून पैसे कुठून आले, तर 'कुठूनच नाही'! या मंडळाचे नावच तसे पडले. आमच्या मते या लढ्यातले हे सर्वांत मोठे डोके.

सरकार काय करत होते? बहिष्काराला गुन्हा ठरवणारा १९२१ चा कायदा धूळ झटकून बाहेर काढला आणि किंग यांच्यासकट ऐंशीहून अधिक लोकांवर खटले भरले. किंग यांच्या घरावर बाँब पडला. १३ नोव्हेंबर १९५६ ला तिथल्या कोर्टाने मोटारींची व्यवस्थाच बंद पाडली, आणि नेमका त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काळ्यांच्या बाजूने लागला. हुकूम हातात पडेपर्यंत लोक आणखी पाच आठवडे चाललेच. एकूण दिवस ३८१.

शहाणे म्हणतात, निकाल कोर्टाने दिला, पायांनी नव्हे. खटला चार बायकांनी निराळा लढवला हे खरे. त्यांत क्लॉडेट कोल्विनही होती, रोझाबाईच्या नऊ महिने आधी, पंधराव्या वर्षी अटक झालेली. पण तो निकाल लागेपर्यंत वस्ती फुटली असती, तर पुन्हा मागच्या बाकावर बसावे लागण्याची भीती होतीच ना?

मे २०२० मध्ये मिनियापोलिसच्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडचा जीव घेतला, तेव्हा मोबाइलच्या निरोपावर लाखो लोक रस्त्यावर आले. त्या पोरांना आम्ही नावे ठेवणार नाही. त्याला छाती लागते. गुन्हेगार पोलिसाला शिक्षा झाली, काही राज्यांनी कायदेही बदलले. पण फ्लॉइडच्या नावाचे देशव्यापी विधेयक कनिष्ठ सभागृहात दोनदा मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकले. तोवर रस्ते मोकळे झाले होते.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पंजाब-हरियाणाचे शेतकरी दिल्लीच्या सीमेवर गेले, ते ट्रॉल्यांत पीठ, डाळ, गाद्या भरून. पहिल्या दिवसापासून लंगर पेटला. वर्षाहून अधिक काळ ते बसून राहिले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिन्ही शेती कायदे मागे घेतले गेले.