पायताणाचा पुरावा

डिटेक्टिव्ह म्हटलं की कसं, करारी नजर, तल्लख डोकं, शिवाय एखादा हुशार असिस्टंट हवा. बार्ट सिम्पसनकडे यातलं फक्त शेवटचं आहे, आणि ती त्याची आठ वर्षांची बहीण लिसा! तरीही कार्टूनमधला माझा ऑल टाइम फेव्हरिट तपास याच जोडगोळीचा. 'द सिम्पसन्स'च्या पहिल्या सीझनमधला 'क्रस्टी गेट्स बस्टेड', अमेरिकेत २९ एप्रिल १९९० ला दाखवलेला.

बार्टचा देव म्हणजे टीव्हीवरचा विदूषक क्रस्टी. एका रात्री अपूच्या दुकानावर दरोडा पडतो. दरोडेखोर क्रस्टीच्याच वेशात. साक्षीदार कोण? खुद्द बार्टचे बाबा, होमर! कॅमेऱ्यातही तोच चेहरा. झालं, क्रस्टी आत. कालपर्यंत त्याच्या बाहुल्या विकत घेणारं गाव आता त्याच बाहुल्यांची होळी करतं.

मला खरी गंमत इथे वाटते. होमर खोटं बोलतच नाही. त्याने जे पाहिलं तेच सांगितलं. फक्त त्याने रंगवलेलं तोंड पाहिलं आणि माणूस पाहिला असं समजला. (ऑफिसात एखाद्याबद्दल 'मी स्वतः पाहिलंय' असं छातीठोक सांगणारे आठवा जरा.)

मग आपले दोन शेरलॉक कामाला लागतात. आणि क्रस्टीचे शत्रू कोण, हे विचारायला जातात कोणाकडे? त्याचा सहकारी साइडशो बॉबकडे. म्हणजे थेट चोराच्याच दारात! पण दुकानात लिसाचं डोकं चालतं. क्रस्टीला पेसमेकर आहे, मग दरोडेखोराने मायक्रोवेव्ह कसा वापरला? क्रस्टीला वाचता येत नाही, हे तर कोर्टातच उघड झालेलं, मग तो मासिक कसा चाळत होता? दोन्ही मुद्दे सॉल्लिड, पण कोण हा प्रश्न उरतोच.

तो सोडवतो बार्ट, तोही लाइव्ह शोमध्ये. होमरचा पाय दरोडेखोराच्या बुटावर पडला होता आणि तो कळवळला होता. क्रस्टीचे बूट अवाढव्य, पण आतले पाय इवलेसे! मग कळ कशी लागेल? ते बूट पूर्ण भरणारी पावलं एकाचीच, बॉबची. बार्ट हातोडा उचलतो आणि हाणतो त्याच्या पायावर. बॉब बोंबलतो. केस क्लोज्ड.

बॉबला आवाज दिलाय केल्सी ग्रॅमरने. इतका सुसंस्कृत, खर्जातला आवाज की हा माणूस चोरी करेल असं मनातही येऊ नये. याच भूमिकेसाठी त्याला २००६ मध्ये एमी मिळालं. आणि दिग्दर्शक आहे पुढे 'द इन्क्रेडिबल्स' आणि 'रॅटटूई' करणारा ब्रॅड बर्ड.

हा आवडला तर लगोलग १९९३ चा 'केप फिअर' बघाच. बॉब सूड घ्यायला परत येतो, आणि त्याच भल्यामोठ्या पायांखाली एकामागून एक दाताळी येतात. प्रत्येक दांडा थेट तोंडावर!