कोंबडी भाजली, पण आतून?

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ मागे पडले, की गडब, कासू, नागोठणे असा पट्टा सुरू होतो. पेणहून रोह्याकडे निघालेल्या गाडीचे पेणनंतरचे स्थानकही कासूच. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी या भागात शेताच्या बांधावर जाळ दिसला आणि वाऱ्यावर भांबुर्ड्याचा उग्र वास आला, की पोपटी लागली आहे हे कोणाला सांगावे लागत नाही. वालाच्या शेंगा भरल्या की पोपटीचा हंगाम सुरू होतो, शेंगा वाळल्या की संपतो. मग येतो उन्हाळा, शाळांची सुट्टी, मुंबई-ठाण्याहून येणारे पाहुणे आणि अलीकडे त्यांच्या गाडीच्या डिकीतून येणारी लोखंडी शेगडी. फार्महाऊसच्या अंगणात कोळसे पेटतात आणि मसाला चोळलेली अख्खी कोंबडी जाळीवर चढते.

त्यात वावगे काही नाही. उघड्यावर, चार माणसांत बसून भाजलेले खाण्याचा आनंद माणसाला फार जुना आहे. प्रश्न वेगळा आहे. मडके गेले आणि शेगडी आली, तेव्हा मडक्याबरोबरचे शहाणपण मागेच राहिले. शेगडीला लागणारे नवे शहाणपण मात्र अजून आलेले नाही. मधल्या या पोकळीत दर उन्हाळ्यात अनेकांची पोटे बिघडतात आणि दोष जातो तो ‘बाहेरच्या पाण्याला’ किंवा ‘उष्णतेला’.

आधी मडक्याकडे पाहू. पोपटीत मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ, मधोमध मसाला लावून केळीच्या पानात बांधलेले कोंबडीचे तुकडे आणि अंडी, वर पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या पेटवल्या, की पाल्यातल्या आणि शेंगांतल्या पाण्याची वाफ होते. ही वाफ आतल्या थंड पदार्थांवर जाऊन पुन्हा पाणी बनते आणि तसे होताना दर ग्रॅममागे सुमारे 540 कॅलरी उष्णता त्या पदार्थाला देऊन टाकते. कोरड्या गरम हवेला हे इतक्या झटपट जमत नाही. शिवाय ओलावा आहे तोवर आतले तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. म्हणून पोपटीतले मांस करपत नाही. तुकडे लहान असल्याने वाफेला फार आत शिरावेही लागत नाही.

अख्ख्या कोंबडीचे गणित याच्या उलटे आहे. निखाऱ्यांसमोरच्या कातडीचे तापमान बघता बघता दोनशे अंशांच्या घरात जाते. पण तिथून मांडीच्या सांध्यापर्यंत उष्णता पोहोचते ती मांसातून हळूहळू झिरपत, आणि मांस हा उष्णतेचा सुस्त वाहक आहे. उष्णता अशी झिरपते तेव्हा जाडी दुप्पट झाली, तर लागणारा वेळ दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होतो. दोन सेंटिमीटर जाडीचा तुकडा जितक्या वेळात आतपर्यंत शिजेल, त्याच्या चौपट वेळ चार सेंटिमीटरच्या भागाला लागेल. तुकडे भाजण्याच्या अनुभवावर अख्ख्या कोंबडीचा अंदाज बांधणारा इथेच फसतो. बाहेरून सोनेरी, कडेने काळसर, वास असा की भूक आवरत नाही. आणि सांध्यापाशी तापमान जेमतेम पन्नास अंश.

पन्नास अंशांत काय बिघडते? कोंबडीच्या आतड्यात साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू सर्रास सापडतात. कोंबडी त्यांनी आजारी दिसतेच असे नाही. कापताना, सोलताना ते मांसावर येतात. माणसाच्या पोटात गेले तर जुलाब, ताप, पोटात मुरडा. बहुतेक जण आठवड्याभरात बरे होतात. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेहासारख्या आजारांनी प्रतिकारशक्ती कमी झालेली माणसे यांना मात्र हा आजार अंगावर काढणे परवडत नाही.

कॅम्पिलोबॅक्टर हे नाव महाराष्ट्राला 2025 च्या जानेवारीत कळले. पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात ‘गिया-बारे सिंड्रोम’चे रुग्ण वाढले, या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि हातपाय लुळे पडतात. रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत हाच जिवाणू सापडला. मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. पण चिकनच्या दुकानांवरची गर्दी ओसरली आणि चिकन खावे की नाही यावर घरोघर वाद झाले. कॅम्पिलोबॅक्टरची लागण झालेल्या साधारण हजारांत एकाला पुढे हा आजार होतो, असे मानले जाते. म्हणजे भीतीने चिकन सोडण्याचे कारण नाही. पण अर्धवट भाजलेल्या कोंबडीकडे ‘फार तर पोट बिघडेल’ म्हणून पाहण्याचेही नाही.

या जिवाणूंवर उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे : पुरेशी उष्णता, सर्वांत जाड भागापर्यंत. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मांसाहारी पदार्थांच्या गाभ्यासाठी दिलेली मापे साधी आहेत. 65 अंशांवर 10 मिनिटे, 70 अंशांवर 2 मिनिटे किंवा 75 अंशांवर 15 सेकंद. ‘सत्तर अंशांवर शिजवलेले चिकन सुरक्षित’ हे वाक्य तर 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून राज्याच्या कानावर आहे. पण ते सत्तर अंश कोणत्या चुलीवर, कोणी मोजले?

मोजायचे कशाने, तर डोळ्यांनी नाही. ‘आत गुलाबी दिसत नाही ना, मग झाले’ ही समजूत दोन्ही बाजूंनी चुकते. बाजारातली ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते. तिची हाडे कोवळी, त्यामुळे हाडातल्या मगजाचा रंग भोवतीच्या मांसात उतरतो आणि पूर्ण शिजलेला सांधाही लालसर दिसतो. निखाऱ्यांच्या धुरातले वायूही मांसाला गुलाबी छटा देतात. उलट, पुरेसे तापण्याआधीच मांस पांढरे पडू शकते. मडक्यावर पाणी शिंपडून ‘चुर्र’ आवाज ऐकण्याची पोपटीतली खूणही मडक्याची भिंत किती तापली एवढेच सांगते. मधल्या पुरचुंडीतले तुकडे शिजले का, हे ती सांगत नाही. जुने जाणते लोक त्या खुणेवर विसंबतात ते वर्षानुवर्षे तेच मडके, तोच पाला आणि तेवढाच जाळ वापरून हात बसलेला असतो म्हणून. तुकडे मोठे घातले, मडके ठासून भरले किंवा जाळ लवकर विझला, तर तोही अंदाज चुकेल.

म्हणून शेगडी घेणाऱ्याने तिच्यासोबत स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्यावा. सुईसारखी लांब दांडी असलेला, आकड्यांत तापमान दाखवणारा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायचा. छातीच्या जाड भागातही पाहायचे. दोन्हीकडे 75 दिसले की कोंबडी उतरवावी. शेगडी, कोळसा, मसाले, थंड पेये यांवर हजारो रुपये उडवणारा पाहुणचार याच खर्चाला का कचरतो, हे कोडेच आहे. ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावून न थांबता थर्मामीटर शोधणारे घर कोंबडीच्या बाबतीत मात्र ‘अंदाजाने’ चालते.

भाजण्याची रीतही बदलता येते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापून कणा काढला आणि कोंबडी पुस्तकासारखी उघडून दाबली, की तिची जाडी जवळजवळ निम्मी होते. वेळ किती वाचतो ते वरच्या चौपटीच्या हिशोबावरून कळेल. अख्खीच ठेवायची असेल तर निखारे एका बाजूला ओढावेत, कोंबडी दुसऱ्या बाजूला ठेवावी आणि शेगडीवर झाकण घालावे. दीड किलोच्या कोंबडीला असा तास-सव्वा तास लागतो. गावठी कोंबडा असेल तर तो चिवट. त्याला निखाऱ्यांपेक्षा रश्शाचे पातेलेच मानवते.

मंद आचेचा आणखी एक फायदा आहे. चरबी थेट निखाऱ्यांवर ठिबकली, की भडका उडतो आणि धुराबरोबर बेंझोपायरीनसारखी रसायने मांसावर बसतात. बेंझोपायरीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. मांस अति तापून करपले की त्यातही अशीच नको असलेली संयुगे तयार होतात. वर्षातून दोन-चार वेळा भाजलेले खाणाऱ्याने यामुळे झोप उडवून घेऊ नये. पण काळा पडलेला भाग काढून टाकावा, आणि ‘करपलेलेच खरे चवदार’ म्हणून तो मुलांच्या ताटात वाढू नये. लसूण, आले, लिंबू, हळद घातलेल्या मसाल्यात मुरवलेल्या मांसात भाजताना ही संयुगे कमी तयार होतात, असे प्रयोगांत दिसले आहे; तेव्हा कोकणी वाटणाला विज्ञानाचाही पाठिंबा आहे. जाळ पेटवायला टायरचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या टाकण्याची सवय मात्र पूर्ण सोडली पाहिजे. तो धूर अन्नावरच बसतो.

हे सगळे शेगडीपाशी झाले. खरी चूक अनेकदा त्याआधीच घडलेली असते. सकाळी शहरात कापून घेतलेली कोंबडी काळ्या पिशवीत, डिकीत, महामार्गाच्या कोंडीत तीन-चार तास तापत येते. अनुकूल उबेत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. चार तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे चार हजारांहून अधिक. दही आणि लिंबू यांनी ते मरत नाहीत. ‘नंतर भाजणारच आहोत, सगळे मरेल’ हेही पूर्ण खरे नाही. स्टॅफिलोकॉकससारखे काही जिवाणू मांसात विष सोडतात आणि ते विष भाजूनही टिकते. म्हणून कोंबडी बर्फाच्या पेटीत आणावी, किंवा सरळ पेण-नागोठण्याच्या बाजारात ऐनवेळी घ्यावी. गावच्या दुकानदारालाही चार पैसे मिळतील.

नळाच्या धारेखाली कोंबडी धुतली, तर जिवाणू निघून जात नाहीत. शिंतोड्यांबरोबर ते ओटा, काकडी आणि कोथिंबिरीवर जातात. धुवायचीच असेल तर खोल पातेल्यात, हळू हाताने धुवावी. कच्च्या कोंबडीचे ताट आणि सुरी वेगळी असावी. मुरवणीत बुडवलेला ब्रश भाजून उतरवलेल्या कोंबडीवर फिरवू नये. आणि उरलेले चिकन रात्रभर गच्चीवर राहू देऊ नये. सावलीतही पारा बत्तिशीच्या पुढे असलेल्या कोकणच्या उन्हाळ्यात तासाभरात ते फ्रिजमध्ये गेले पाहिजे.

घरच्या अंगणात हा यजमानाचा प्रश्न. पण पेण, रोहा, अलिबागच्या पट्ट्यात आता भाजलेली कोंबडी हा व्यवसाय झाला आहे. पैसे घेऊन जेवण देणारे फार्महाऊस हे 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या दृष्टीने अन्नव्यवसायच ठरते, मग तिथे दहाच पाहुणे उतरत असोत. अशा ठिकाणी नोंदणीच्या कागदाबरोबर शेगडीशेजारी थर्मामीटर आहे का, कच्चे मांस बर्फात आहे का, एवढे तरी पाहिले जावे. पाहुण्यांनीही खोलीतला एसी चालतो का हे विचारतानाच हे दोन प्रश्न विचारावेत. विचारणारे वाढले की देणारे आपोआप सुधारतात.

कासूच्या बांधावर पोपटी लावणाऱ्याने मडके, पाला आणि आग यांची गाठ अनेक हंगामांच्या अनुभवाने घातली. शेगडीवरच्या कोंबडीला तेवढे हंगाम वाट पाहण्याची गरज नाही. तिच्यासाठी एक सुई आणि एक आकडा पुरेसा आहे. तो आकडा दिसेपर्यंत पाहुण्यांना पाच-दहा मिनिटे ताटकळत ठेवणे हा पाहुणचारातला कमीपणा नव्हे. तोच पाहुणचार आहे.