साडेबाराशेत खोली दाखवा

या आठवड्यात एक आकडा डोक्यातून जात नाही: १५,०००. छत्रपती संभाजीनगरात शिकणाऱ्या मुलाच्या वर्षभराच्या निवासासाठी स्वाधार योजनेत एवढे रुपये धरले आहेत. महिन्याचे झाले १,२५०. बेगमपुरा, जयसिंगपुरा, टीव्ही सेंटर, कुठेही हिंडा आणि या पैशांत एखाद्या मुलीला नीट राहता येईल अशी जागा मला दाखवा.

आकडे एकदाच सांगून टाकतो. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून ही योजना आहे. मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,०००, विभागीय शहरात ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. त्या ५१,००० मध्ये जेवणाचे २८,०००, राहण्याचे १५,००० आणि वरखर्चाचे ८,०००. या पैशांवर कितीतरी पोरं शिकली, त्याबद्दल माझं दुमत नाही. माझं भांडण त्या १५,००० शी आहे.

रविवारी मी जालना जिल्ह्यातल्या मंठ्याच्या बसस्थानकासमोर चहाला बसतो. तिथे एक ओळखीचे शेतकरी येऊन बसले. मुलीला संभाजीनगरच्या विद्यापीठात एमएस्सीला प्रवेश मिळाला, हॉस्टेलला नंबर लागला नाही. तिघी मैत्रिणींनी मिळून सहा हजारांची खोली पाहिली. मालकाला डिपॉझिट दोन महिन्यांचं हवं. म्हणजे हिच्या वाटणीला डिपॉझिटचे चार हजार, पहिल्या महिन्याचं भाडं दोन हजार, मेसचे आगाऊ तीन हजार. गादी, बादली, टेबलफॅन वेगळं. "भाऊ, पेरणीनं हातचा पैसा धुऊन नेला, अन् आता एकरकमी नऊ हजार कुठून आणू?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खोली आणि वसतिगृह यांतला खरा फरक या एकरकमी पैशांत आहे. प्रवेश होतात जून-जुलैत, आणि त्याच दिवसांत शेतकऱ्याचा पैसा बी-बियाण्यात, खतात मातीत गेलेला असतो. सोयाबीन दसरा-दिवाळीला बाजारात येतं. घरमालक दिवाळीपर्यंत थांबत नाही. योजनेचा अर्ज आधी वसतिगृहाची यादी लागल्यावर, मग भाड्याने राहत असल्याचा पुरावा जोडून. आधी खोली घ्या, मग पैसे मागा. ज्याच्याकडे आधीचे पैसेच नाहीत, त्याची पोर तोवर कुठे राहणार? सावकाराकडून आणलेल्या नऊ हजारांवर व्याज चढतं, ते कोणत्याही तक्त्यात धरलेलं नसतं.

वसतिगृहाच्या खाटेला डिपॉझिटचा असा डोंगर नाही. लाईट बिल महिन्याअखेर तिघींत भांडण लावत नाही. संभाजीनगरात नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते मी सांगायला नको. खोलीवर राहणाऱ्या मुली टँकरच्या पैशांचीही वाटणी करतात. रात्री अकराला ग्रंथालयातून परत येताना वसतिगृहाची मुलगी आवारातच असते, खोलीवाली मुलगी अंधाऱ्या गल्लीतून जाते. याची किंमत रुपयांत कशी लावायची?

आपल्याकडे हे सगळं फार आधी ओळखलं गेलं होतं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, आणि आज त्यांच्याच नावाने वसतिगृह भत्ता दिला जातो! भत्ता जरूर द्या, वाढवूनही द्या. पण आधी खाटा वाढवा. पोरीला वाटणीच्या खोलीपेक्षा हक्काची खाट हवी आहे.

वर मेसच्या आगाऊ पैशांचा विषय निघाला म्हणून सांगतो. दोन दिवस गावी गेलं तर बहुतेक मेसवाले खाडा धरत नाहीत, सलग सुट्टी आणि तीही आधी सांगून लागते. जालन्यात राहणाऱ्या आमच्या गावच्या पोरांनी पूर्वी यावर तोडगा काढला होता: एसटीचा डबा. पहाटे आई भाकरी थापायची, पितळी डब्याच्या झाकणावर ऑइलपेंटने नाव, वरून धडप्याची गाठ. पहिल्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती डबा द्यायचा आणि जालन्याच्या स्थानकावर पोरगं वाट पाहत उभं. वरण उन्हाळ्यात आंबतं म्हणून मार्चपासून ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. कंडक्टरने कधी एक पैसा मागितला नाही. जेवणाची सोय गावाने अशी केली, पण खोली काही एसटीत ठेवून पाठवता येत नव्हती. चौघं-पाचजण एका पत्र्याखाली झोपायचे.

त्या डब्यावर शिकलेला एकजण परवा भेटला. आता तो शिक्षक आहे, मुलगी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करते, कॉट बेसिसवर राहते. भाडं विचारलं. त्याने सांगितलं ते मी पुन्हा विचारून घेतलं. एका खाटेचे साडेपाच हजार, जेवण वेगळं.