गाडीवरचा चौदा आकडी नंबर

संध्याकाळ झाली की आमच्या बेलपाड्यात एकेक गाडी लागायला लागते. वडापाव, पाणीपुरी, डोसा, चायनीज! नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलपाडा स्टेशनातून मेट्रो धावू लागली. भुकेलेली माणसं उतरली की गाड्यांकडे वळणारच. टेम्पोच्या पोटात अख्खं स्वयंपाकघर थाटलेले ‘फूड ट्रक’ही हल्ली दिसतात. तुमचं सगळं लक्ष चटणीकडे असतं, ते मला माहीत आहे. पण आज जरा गाडीच्या काचेकडे बघा. तिथे एखादा कागद लावलाय का? त्यावर चौदा आकड्यांचा नंबर आहे का?

तो नंबर वाचायची गंमत सांगते. पहिला आकडा १ असेल तर तो ‘परवाना’, म्हणजे मोठा धंदा. २ असेल तर नुसती ‘नोंदणी’, म्हणजे छोटा धंदा. पुढचे दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे १५. त्यापुढचे दोन वर्षाचे. मग २१५२३ ने सुरू होणारा नंबर कोणाचा? बरोबर! २०२३ साली महाराष्ट्रात नोंदलेल्या छोट्या धंद्याचा.

पूर्वी आपल्याकडे १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्याच्या जागी २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून त्याचे नियम लागू झाले. फेरीवाल्याला, गाडीवाल्याला मोठ्या कारखान्यासारखा परवाना लागू नये, पण त्याचं नाव-गाव सरकारच्या वहीत असावं, असं या कायद्याने ठरवलं. २०११ मध्ये त्यासाठी वर्षाला १०० रुपये फी ठेवली होती. नोंदणीचा कागद दुकानात, वाहनात किंवा गाडीवर, सगळ्यांना दिसेल असा लावायचा, हेही तेव्हाच लिहिलं गेलं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई सकाळी इडलीची गाडी लावते. एकदा त्या मुलीने मला विचारलं, “बाई, आईकडे नंबर आहे. मग पालिकेची गाडी आली की आम्ही पळतो कशाला?”

प्रश्न अगदी रास्त होता. मोठ्या माणसांचाही इथेच घोटाळा होतो. चौदा आकडी नंबर सांभाळतं अन्न व औषध प्रशासन. ते बघतं पदार्थाकडे. गाडी कुठे उभी करायची हे ठरवणार स्थानिक पालिका. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०१६ पासूनची पनवेल महानगरपालिका. त्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात शहर फेरीवाला समिती असते. तिच्यात किमान ४० टक्के सभासद फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. म्हणजे इडली कितीही स्वच्छ असो, जागेचा कागद नसेल तर गाडी उचलली जाऊ शकते. आणि जागेचा कागद असला तरी मळक्या हातांनी इडली वाढता येत नाही. कागद दोन, कचेऱ्याही दोन!

आता तपासणीचं बघू. तपासायला येतो अन्न सुरक्षा अधिकारी. तो चटणीचा नमुना घेतो, पण फुकट नाही बरं का! बाजारात जो भाव असेल तो त्याने मोजायचा. नमुन्याचे चार भाग करायचे. एक प्रयोगशाळेत जातो, दोन वरिष्ठांकडे राखून ठेवतात. चौथा भाग, गाडीवाल्याने मागणी केली तर, मान्यताप्राप्त अशा दुसऱ्या प्रयोगशाळेत जातो. स्वच्छतेत कमी आढळली तर वरिष्ठ अधिकारी सुधारणा नोटीस देतात आणि त्यासाठी किमान १४ दिवसांची मुदत द्यावी लागते. अधिकाऱ्याने उगाच त्रास द्यायला माल जप्त केला, तर त्यालाच एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, “खरंच त्याला?”

गाडी कशी असावी? काम करायचा पृष्ठभाग धुता येईल असा, म्हणजे स्टीलसारखा, आणि जमिनीपासून किमान ६० ते ७० सेंटिमीटर उंच. तुमच्या दोन फूटपट्ट्या उभ्या लावा की झाले ६०! रस्त्यावरची धूळ अन्नात उडू नये म्हणून ही उंची. कचऱ्याचा डबा झाकणाचा हवा, नखं कापलेली हवीत, पाणी पिण्यालायक हवं.

इथे मात्र मला थोडं बोलायचं आहे. पाणी स्वच्छ हवं हे खरं, पण गाडीवाल्याने नळ आणायचा कुठून? इडलीवाली ताई घरून दोन ड्रम भरून आणते. त्यात बशा धुवायच्या, हात धुवायचे आणि प्यायलाही तेच. जागा देताना शेजारी नळ आणि सांडपाण्याची मोरी दिली, तर निम्मी तपासणी आपोआप होईल. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या खाऊगल्लीला २०१८ मध्ये देशातलं पहिलं ‘स्वच्छ खाऊ केंद्र’ म्हणून मान मिळाला. आपल्या खारघरला का जमू नये?

तोवर दोन गोष्टी तुम्ही स्वतःच बघू शकता. वडापाव वर्तमानपत्रात बांधून दिला तर “काका, साधा कागद द्या ना” म्हणा. खाद्यपदार्थ छापील वर्तमानपत्रात गुंडाळायला २०१८ च्या वेष्टन नियमांनी मनाई केली, कारण गरम तेलात शाई उतरते. दुसरी गोष्ट बर्फाच्या गोळ्याची. मासे, माल थंड ठेवायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असतो असं नाही. म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्रात अशा बर्फात खाण्याचा निळा रंग मिसळायचा नियम आला. गोळेवाल्याच्या लादीत निळसर झाक दिसली, तर सरबत कितीही लाल असू दे, तो गोळा हातात घेऊ नका.