पाण्याखालची शाळा

साठी उलटलेल्या माणसानें नवें कांहीं शिकावें कीं नाहीं, याविषयीं आमच्या घरांत एकमत नाहीं. शिकावें, असें माझें मत. शिकावें, पण कोरड्या जमिनीवर राहून शिकावें, असें आमच्या कुटुंबाचें मत. या मतभेदाचें कारण गेल्या माघांत घडलें, आणि त्याची हकीकत या सदराच्या वाचकांपासून लपवून ठेवण्यांत आतां अर्थ नाहीं; कारण सूनबाईंनीं काढलेलें माझें एक छायाचित्र आप्तांच्या घरोघर पोंचलें आहे. त्यांत मी काळ्या रबरी पोषाखांत, पाठीवर नळकांडें घेऊन, मागच्या पायांवर उभ्या केलेल्या कासवासारखा दिसतों.

अंदमानास जावें ही इच्छा जुनी. १९११ सालीं सावरकरांना ज्या सेल्युलर जेलमध्यें आणून कोंडलें, तें एकदां डोळ्यांनीं पाहावें, असें शाळेंत शिकत होतों तेव्हांपासून मनांत होतें. चिरंजीवांनीं यंदा तें जुळवून आणिलें. पोर्ट ब्लेअर येथें (२०२४ पासून त्या गांवाचें नांव श्री विजयपुरम असें झालें आहे) तो तुरुंग पाहिला, ती खोली पाहिली. परंतु खोलीच्या भिंतींपेक्षां मनांत राहिला तो बाहेरचा समुद्र. खरा तुरुंग तोच होता. भिंत ओलांडणाराला पुढें जावयास जागाच नव्हती. 'काळें पाणी' हा शब्द आपण उठतां बसतां वापरून गुळगुळीत करून टाकला आहे. त्याचा अर्थ तेथें उभें राहिल्यावर कळतो. दुसऱ्या दिवशीं बोटीनें सुमारें दोन तासांत आम्ही स्वराज द्वीपास गेलों. हॅवलॉक नांवाच्या इंग्रज सेनापतीवरून पडलेलें या बेटाचें जुनें नांव २०१८ च्या डिसेंबरांत बदललें. येथें पाहतों तों त्याच पाण्यांत लोक आपण होऊन, पदरचे पैसे मोजून, बुड्या मारीत होते!

बुडी मारण्याचें शिक्षण घेण्याचा हट्ट आमच्या नातीचा. ती सोळा वर्षांची. या विद्येंत एकट्यानें खोल उतरण्याची मनाई. एकमेकांकडे लक्ष ठेवणारा जोडीदार लागतो. सूनबाईंची अट अशी कीं, जोडीदार घरचा असेल तरच परवानगी. चिरंजीवांच्या कानाचा पडदा लहानपणीं फुटलेला. सूनबाईंना पोहतां येत नाहीं. राहिलों मी. माझ्या प्रकृतीविषयींची लांबलचक प्रश्नावली व डॉक्टरांचा दाखला हीं नातीनें 'प्रवासाला लागतात' असें सांगून घरून निघण्यापूर्वींच तयार ठेविलीं होतीं, हें मला बेटावर कळलें.

"अहो, नातवंडांना गोष्टी सांगायच्या वयांत तुम्ही स्वतःच गोष्टींतले व्हायला निघालांत!" असें म्हणून कुटुंबानें आपली नापसंती नोंदविली आणि किनाऱ्यावर माझा पंचा घेऊन बसण्याचेंहि कबूल केलें.

प्रथम परीक्षा पोहण्याची. दोनशें मीटर पोहणें आणि दहा मिनिटें तरंगत राहणें. वाईस कृष्णेच्या डोहांत पाठीला भोपळा बांधून मी पोहायला शिकलेला. दोन्ही गोष्टी सहज केल्या आणि मनांतून फुगलों. परंतु फुगलेला माणूस बुडत नाहीं, हीच पुढची अडचण! कमरेला शिशाचीं वजनें बांधलीं तेव्हां कोठें मी खालीं जाऊं लागलों.

पाठीवरच्या नळकांड्यांत प्राणवायु असतो, असा माझा समज होता, व पुष्कळांचा असतो. तसें नाहीं. त्यांत असते ती आपली साधी हवा, गाळून व दाबून भरलेली. शुद्ध प्राणवायु तर सहा-सात मीटरांच्या खालीं विषासारखा बाधूं शकतो. हवा दाबून भरणें ही मोठी युक्ति नव्हे. माणूस श्वास ओढील तेव्हांच, आणि सभोंवतालच्या पाण्याइतक्याच दाबानें, ती त्याच्या तोंडांत सोडणें ही खरी युक्ति. ती १९४३ सालीं फ्रान्समध्यें नौदलाचे अधिकारी झाक कूस्तो आणि एमिल गान्यां नांवाचे एंजिनियर या दोघांनीं साधली. युद्धामुळें पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालविण्यासाठीं गान्यांनीं एक झडप तयार केली होती. तिच्यांतच फेरफार करून ती माणसाच्या तोंडाशीं आणली.

आमचा गुरु पंचविशीच्या आंतबाहेरचा. पूर्व बंगालमधून येऊन या बेटावर वसलेल्या निर्वासित कुटुंबांपैकीं एकाचा नातू. मला तो 'दादू' म्हणे. बंगालींत आजोबांना तसें म्हणतात. पहिल्या दिवशीं आम्हां दोघांना वाळूवर बसवून त्यानें पहिला नियम सांगितला: "दादू, साँस कभी रोकना नहीं."

मी हंसलों. गेलीं पन्नास वर्षें संध्येच्या वेळीं मी पूरक, कुंभक, रेचक करीत आलों आहें. श्वास रोखण्याची संवय हेंच माझें या विद्येंतलें भांडवल, असें मी समजून चाललों होतों. तो म्हणाला, येथें तीच संवय जीव घेईल. मग त्यानें कारण सांगितलें. समुद्रांत दहा मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, वीस मीटरांवर तिप्पट. दहा मीटरांवर छातीभर हवा घेऊन, ती कोंडून, माणूस वर आला, तर वर येईतों तीच हवा दुप्पट जागा मागते. आणि जागा न मिळाल्यास फुप्फुसें फाटतात. हा रॉबर्ट बॉइल याचा १६६२ सालचा नियम. आमच्या शाळेंत शेजारच्या वर्गांत तो दरसाल शिकवीत, आणि भिंतीपलीकडून मीं तो तीस वर्षें ऐकला होता. तो आपल्या छातीलाहि लागू आहे, हें मात्र कधीं ध्यानांत आलें नव्हतें.

येथपर्यंत ठीक होतें. पुढें आला मुखवट्याचा धडा. डोळे आणि नाक झांकणारा जो कांचेचा मुखवटा असतो, त्यांत मुद्दाम पाणी घ्यावयाचें; मग त्याची वरची कड कपाळाशीं दाबून, नाकानें फुंकर घालून, तें पाणी बाहेर घालवावयाचें. पाणी कमरेइतकें, गुडघे टेकून बसावयाचें. नातीनें एका दमांत करून दाखविलें. मी बसलों. पाणी नाकाशीं आलें, आणि जन्माच्या संवयीनें मीं श्वास घेतला तो नाकानें. ठसका लागला, डोळे झोंबले, मी धडपडत उभा राहिलों.

"मुखवटा गळका आहे," असें मीं सांगितलें. गुरूनें एक शब्द न बोलतां आपला मुखवटा मला दिला आणि माझा स्वतः चढविला. दुसऱ्या वेळीं तेंच. तिसऱ्या वेळीं तेंच. माझा गळका मुखवटा घालून तो समोर स्वस्थ बसलेला होता. चौथ्या वेळीं वर आलों तेव्हां माझे हात कांपत होते. किनाऱ्यावर कुटुंब पंचा घेऊन उभें राहिलें होतें, आणि नात मोठ्या प्रेमानें म्हणत होती, "सोपें आहे हो, आजोबा!"

सोपें आहे! हे दोन शब्द मीं तीस वर्षें वर्गांत वापरले. ते दुसऱ्या बाजूनें कसे ऐकूं येतात, तें त्या दिवशीं कळलें. आणि एक मुलगा आठवला. घरून लिहून आणलेलें त्याचें सर्व बिनचूक असे. परंतु उभें करून रूपें म्हणावयास सांगितलीं कीं पहिल्या अक्षराशींच त्याची जीभ अडे. एके दिवशीं मीं त्याला म्हटलें, "सोपें आहे, येईल तोंवर उभा राहा." तास संपेपर्यंत तो उभा राहिला. वर्ग हंसला, आणि मीं वर्गाला हंसूं दिलें. पुढील वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें. मुलगा आळशी आहे, अशी मीं आपली समजूत घालून घेतली होती.

माझ्या गुरूनें मला उभें केलें नाहीं. "आज बस, दादू. कल सुबह," एवढेंच म्हणाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें मुखवटा बाजूस ठेवावयास लाविला. गुडघाभर पाण्यांत मला पालथें निजविलें, हवेची नळी तोंडांत, चेहरा पाण्यांत; आणि दहा मिनिटें नुसता तोंडानें श्वास घेत राहा म्हणाला. त्याचा एक हात सारा वेळ माझ्या खांद्यावर होता. नंतर मुखवट्यांत चार थेंब पाणी, मग पाव, मग अर्धा, मग भरून. मुखानें पूरक, नाकानें रेचक, कुंभक नाहींच. चौथ्या खेपेस पाणी आपोआप बाहेर गेलें. "आप की नाक बहुत पढ़ी-लिखी है, दादू," तो हंसून म्हणाला, "उसको थोड़ा भुलाना पड़ा." अडचण कोठें आहे हें त्यानें आदल्या दिवशींच ओळखलें होतें, मी शरमेनें ऐकण्याच्या मनःस्थितींत नव्हतों, म्हणून त्यानें एक रात्र मध्यें जाऊं दिली.

त्यानंतर होडीनें जाऊन खऱ्या समुद्रांत उतरलों. दोरीला धरून हात हात खालीं जावयाचें आणि कानांत दडा बसण्यापूर्वींच नाक चिमटींत धरून हळूंच हवा दाबावयाची. नाक धरण्याची विद्या तेवढी मला आधींपासून येत होती. खालीं गेल्यावर पहिली नवलाची गोष्ट म्हणजे नातीच्या वेणीची तांबडी फीत मातकट दिसूं लागली. पाणी तांबडा रंग सर्वांत आधीं गिळतें. दुसरी गोष्ट, वस्तु असतात त्यापेक्षां सुमारें एक तृतीयांशानें मोठ्या दिसतात. समुद्रफुलाच्या झुलत्या बोटांत लपणारे नारिंगी मासे पाहून मला इतका आनंद झाला कीं, 'उत्तम' असें सांगण्यासाठीं मीं अंगठा वर केला. गुरु ताबडतोब आम्हां दोघांना वर नेऊं लागला! पाण्याखालीं त्या खुणेचा अर्थ 'वर चला'. 'सर्व ठीक' म्हणावयाचें असेल तर अंगठा व तर्जनी यांचीं टोकें जुळवावयाचीं. ती आपली ज्ञानमुद्राच. मीं घाईघाईनें ती केली आणि पाठ पुढें चालू झाला.

आपल्या घरांतील अंगठींत जें तांबडें पोवळें असतें, तें भूमध्य समुद्रांतल्या एका निराळ्या जातीचें. येथें पोवळ्याच्या जातीच्या सूक्ष्म जीवांनीं चुन्याचीं झाडें, पंखे, टोपल्या उभारलेल्या आहेत. त्यांच्या शरीरांत राहणारी बारीक शेवाळें त्यांना अन्न पुरवितात. पाणी फार तापलें कीं ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरें पडतें. २०१० सालीं अंदमानांत असें फार मोठ्या प्रमाणांत झालें. पांढऱ्या, मेलेल्या फांद्या मींहि पाहिल्या. त्यांच्या शेजारीं नव्या, बोटाएवढ्या फांद्या फुटत होत्या. कशालाहि हात लावावयाचा नाहीं, हा तेथला दुसरा नियम.

शेवटीं नातीला अठरा मीटरांपर्यंत उतरण्याचा दाखला मिळाला. मीं अर्ध्यावर थांबावें असें माझे मींच ठरविलें. मला मिळाली ती बारा मीटरांची आणि जाणत्या माणसाच्या सोबतीची परवानगी. बुडीनंतर रक्तांतला नत्रवायु निघून जावा म्हणून निदान अठरा तास विमानांत बसूं नये, असा दंडक आहे. त्यामुळें एक दिवस मी किनाऱ्यावर कुटुंबाशेजारीं स्वस्थ बसून काढला, आणि या विद्येंतला तेवढा नियम घरांत सर्वांना पसंत पडला. ज्यांना जाण्याची इच्छा असेल, त्यांना आज मालवणाजवळ तारकर्लीलाहि हें शिक्षण मिळतें. मात्र दमा, हृदय, कान यांविषयीं प्रश्नावलींत कांहींहि लपवूं नये. डॉक्टरांना खरें सांगावें.

परत आल्यावर एक काम राहिलें होतें. त्या मुलाचें आमच्याच गांवीं कापडाचें दुकान आहे. त्याचे केस आतां पिकूं लागले आहेत. मी गेलों. त्यानें चहा मागविला. मीं तो दिवस काढला आणि चुकी माझी होती, असें सांगितलें.

"मला कांहीं आठवत नाहीं, सर," तो हंसून म्हणाला. मग चहा संपतां संपतां, एका कापडाची घडी घालीत, माझ्याकडे न पाहतां म्हणाला, "नदी शब्द होता. सप्तमीपर्यंत म्हणायचा होता."

कांहीं वेळ दोघांपैकीं कोणीच बोललें नाहीं. नंतर त्यानेंच विचारलें, "पाण्याखालीं खरोखर श्वास घेतां येतो, सर?"

"येतो," मीं म्हटलें, "पण शिकविणारा घाई न करणारा पाहिजे."