दहा तासांचे शिक्षण आणि शहराची रहदारी

उन्हाळ्याची सुट्टी सरत आली की आपल्या मोटार प्रशिक्षण शाळांतील गर्दी ओसरू लागते, आणि चाचणीच्या मार्गावर ‘आठ’ व ‘एच’ बिनचूक काढून परवाना मिळविलेले नवे चालक जूनच्या पहिल्या पावसाबरोबर रस्त्यावर उतरतात. त्यांपैकी पुष्कळांची पहिल्या आठवड्यातच अशी अवस्था होते की, पुण्याच्या जेधे चौकात किंवा विद्यापीठाच्या चौकात चहूबाजूंनी दुचाक्या येऊ लागल्या म्हणजे ज्या पायाने मैदानावर क्लच सफाईने सोडला होता तोच पाय थरथरू लागतो, गाडी बंद पडते आणि मागून हॉर्नचा भडिमार सुरू होतो. पुढे अशा चालकांतले काही गाडीवर जे आच्छादन घालतात ते काढीतच नाहीत, आणि बाकीचे बेमुर्वतपणे घुसण्याची विद्या रस्त्यावरच हस्तगत करतात. या दोन्ही परिणामांचा काही वाटा आपल्या व्यवसायाच्या पदरी येतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी हलक्या मोटारीच्या शिक्षणास निदान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालविण्याचे निदान १० तास मुक्रर केले आहेत. हे तास बहुधा सकाळी सहाच्या सुमारास, मोकळ्या रस्त्यावर, प्रशिक्षकाचा पाय दुहेरी ब्रेकवर ठेवून खर्ची पडतात, आणि त्यांत यंत्राची ओळख उत्तम होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु बस, रिक्षा, टेम्पो, दुचाकी, हातगाडी आणि पदपथ अडविला गेल्यामुळे रस्त्यावरून चालणारा माणूस, अशी निरनिराळ्या वेगांची आणि आकारांची वाहती गर्दी ज्याला पार करावयाची आहे, त्याला यंत्राइतकीच माणसांची पारख लागते. आणि तिची तालीम मोकळ्या रस्त्यावर होणे अशक्य आहे.

या गर्दीला बेबंदशाही म्हणण्याचा प्रघात आहे. पण बारकाईने पाहिले तर तिच्यातही एक अलिखित रिवाज आढळतो. चौकात ज्याचे पुढचे चाक आधी घुसले त्याला वाट मिळते. पदपथावर हात वर झाला की रिक्षा इंडिकेटर न देता डावीकडे वळते. थांब्यावरून निघालेली बस आरशात पाहो वा न पाहो, बाहेर येतेच. कायदा मात्र सांगतो की नियंत्रक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्यास प्रथम जाऊ द्यावे, आणि झेब्रा पट्ट्यांवरील पादचाऱ्यासाठी थांबावे. कायदा शिकवावा की रिवाज, असा पेच पुष्कळ प्रशिक्षकांपुढे पडतो. आमच्या मते दोन्ही शिकवावेत, पण त्यांची कामे निराळी ठेवून: आपण कसे वागावे हे कायद्याने ठरवावे, आणि दुसरा कसा वागेल याचा अंदाज रिवाजावरून बांधावा. ज्याने रिवाज आपल्याच वर्तनाला लावला तो गर्दीत भर घालतो. ज्याने इतरांकडून कायद्याचीच अपेक्षा धरली तो पहिल्याच चौकात कोणावर तरी आदळतो.

या दोहोंना सांधणारी गोष्ट म्हणजे पुढच्या वाहनापासूनचे अंतर. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे ११ मीटर तोडते; म्हणजे धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर जवळजवळ तीन मोटारींची लांबी ब्रेक लागण्यापूर्वीच संपलेली असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते, ही गोष्ट तर वेगळीच. जपानमधील नागोया येथील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या समान वेगाने चालविण्यास सांगितले होते. तेथे सिग्नल नव्हता, चौक नव्हता, खड्डा नव्हता, तरीही पुढच्याच्या किंचित मंदावण्यावर मागच्याने अंमळ अधिक ब्रेक लावीत गेल्याने कोंडी उत्पन्न झाली आणि ती मागे मागे सरकत राहिली. तेव्हा अंतर राखून, धक्के न देता चालविणारा चालक स्वतःबरोबर मागच्यांचाही वेळ वाचवितो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, अंतर ठेवले की त्यात कोणी तरी घुसतोच. घुसू द्यावा. एक मोटार पुढे आली तर आपले नुकसान फार तर दोन-तीन सेकंदांचे होते. साऱ्या वाटेत अशा वीस मोटारी आल्या तरी घरी पोहोचण्यास जेमतेम एक मिनिटाचा उशीर होईल. हा हिशेब शिकाऊ चालकास पहिल्याच आठवड्यात कागदावर मांडून दाखवावा. ज्या रागाचा त्याला पुढे दररोज उपद्रव व्हावयाचा, त्याची निम्मी धार तेथेच बोथट होईल.

म्हणून आमची सूचना अशी आहे. दहा तासांपैकी शेवटचे तीन तास सायंकाळच्या ऐन गर्दीसाठी राखून ठेवावेत. त्या वेळी प्रशिक्षकाने गप्प बसावे आणि शिकाऊ चालकाने बोलावे: उभ्या रिक्षाचे पुढचे चाक वळलेले आहे, बसच्या खालून पावले दिसत आहेत, दुचाकीस्वाराने मान उजवीकडे वळविली आहे. जे पाहिले ते तोंडाने बोलावे लागले की नुसते बघणे आणि ध्यानात घेणे यांतला फरक आपोआप उघड होतो. दुहेरी ब्रेकवर आपला पाय किती वेळा दाबावा लागला याची नोंद प्रशिक्षकाने प्रत्येक फेरीनंतर वहीत करावी, आणि ती शिकाऊ चालकास दाखवावी.

यात इंधन अधिक जळेल, वेळ मोडेल, कदाचित फीही वाढवावी लागेल, आणि शेजारची शाळा कमी पैशांत काम उरकून देत असता गिऱ्हाईक तुटण्याची धास्तीही आहे. ही अडचण खरी असून ती ग्राहकास मोकळेपणाने सांगितली पाहिजे. तथापि नमुना ५ मधील दाखल्यावर जेव्हा आपण सही करतो, तेव्हा त्या शिकाऊ चालकाच्या गाडीपुढून रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसालाही आपण एक हमी देत असतो. शेवटच्या तीन फेऱ्यांत आपला पाय ब्रेकवर एकदाही दाबावा लागला नसेल, तरच ती सही करावी. एरवी आणखी दोन दिवस शिकवावे.