निवारा हवा, पण आपल्या गल्लीत नको?



गेल्या वेळी मी कैरीच्या लोणच्याबद्दल लिहीन असे सांगितले होते. ते पुढच्या वेळी नक्की. आज मनात दुसरेच काहीतरी घोळते आहे आणि ते लिहिल्याशिवाय लोणच्याकडे लक्ष लागणार नाही.

आमच्या सोसायटीपासून चार-पाच मिनिटांच्या अंतरावर पालिकेची एक बंद पडलेली शाळा आहे. तिथे बेघरांसाठी निवारा केंद्र होणार अशी बातमी आली आणि आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप पेटला. एरवी सुप्रभात आणि पाण्याच्या वेळा यापलीकडे त्यावर काही नसते. रविवारी तातडीची सभा झाली. सोमवारी सकाळी दाराची बेल वाजली, विरोधाचे पत्र पुढे आले. गॅसवर कुकर होता, हाताला कणीक होती. मी हात पुसले आणि सही केली. चाळीस सह्या माझ्या आधी झालेल्या होत्या, माझी एक्केचाळिसावी.

मी काही फसून सही केली नाही. सभेत बसले होते, सगळे ऐकले होते आणि त्या वेळी मला ते पटलेही होते.

दोन दिवसांनी स्टेशनजवळ कोथिंबीर घ्यायला गेले. कोथिंबीर, कडीपत्ता, लिंबे विकणारी एक बाई तिथे बसते. सहा-सात वर्षे मी तिच्याकडूनच घेते. कडीपत्ता न मागता टाकते, म्हणून मला ती आवडते. त्या दिवशी जुडी बांधता बांधता तिने विचारले, "काकू, ती शाळा आमच्यासारख्यांसाठी उघडणार म्हणतात, खरं का हो?"

आमच्यासारख्यांसाठी म्हणजे? मला काही कळेना. मग समजले की ती आणि तिची बारा वर्षांची मुलगी रात्री दहानंतर, दुकानांची शटरे पडली की एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर झोपतात. इतक्या वर्षांत मी कधी विचारले नव्हते की तू राहतेस कुठे. भाजी विकते म्हणजे कुठेतरी झोपडी असेल, असे मी धरून चालले होते.

मी म्हणाले, "मला काही माहीत नाही गं." आणि पिशवी उचलून घरी आले.

मैत्रिणींनो, रोज प्रतिक्रमणात आपण दिवसभरातले खोटे आठवतो. त्या रात्री मला फार शोधावे लागले नाही.

आता सभेत जे मुद्दे निघाले ते एकेक करून सांगते. तुमच्याही सोसायटीत आज ना उद्या हेच निघतील.

पहिला मुद्दा, "यांना आपापल्या गावी पाठवा." हा उपाय मुंबईने करून पाहिला आहे. १९८१च्या जुलैमध्ये, भर पावसात, फुटपाथवरच्या लोकांची खोपटी मोडून त्यांना गाड्यांत बसवून गावी पाठवण्याचा हुकूम निघाला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५च्या ओल्गा टेलिस निकालात न्यायालयाने सांगितले की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. फुटपाथवर कायमचे राहू द्या असे मात्र न्यायालय म्हणाले नाही. नोटीस देऊन आणि पावसाळा संपल्यावर हटवायला परवानगी दिली. पण माणूस फुटपाथवर का झोपतो, याचे उत्तर त्या निकालात आहे. काम जिथे आहे तिथेच तो झोपतो. आमची कोथिंबीरवाली पहाटे चारला माल घ्यायला निघते. लांबच्या वस्तीतून त्या वेळी यायला तिला गाडी नाही. गावी नवरा नाही, जमीन नाही. पाठवणार कुणाकडे?

दुसरा मुद्दा, "पोलिसांना सांगा, भिकारी कायदा आहे." कायदा आहे खरा, १९५९चा. त्यात पोटापाण्याचे उघड साधन नसलेला, भटकणारा माणूसही भिकारी धरता येतो. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षे आणि पुन्हापुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत भिक्षेकरी गृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिल्लीपुरती या कायद्यातली बरीच कलमे रद्द केली. आपल्याकडे कायदा अजून आहे. पण रस्त्यावर झोपणारे सगळे भीक मागतात हा आपला समज आहे. हमाली करणारे, लग्नात वाढपी म्हणून जाणारे, कचरा वेचणारे, गजरे विकणारे असे कितीतरी लोक दिवसभर राबून रात्री रस्त्यावर पाठ टेकतात.

तिसरा मुद्दा, "त्यांना असेच राहायचे असते, फुकटात सवय झाली आहे." यावर मी गप्प बसू शकत नाही, कारण मी बी.कॉम. आहे. घरखर्चाची वही मी चाळीस वर्षे लिहिते आहे. परवा तिच्या शेजारी पाटावर बसून तिचा हिशेब मांडला. मायलेकींना दिवसातून तीनदा शौचालय, प्रत्येक वेळी ५ रुपये, झाले ३०. आंघोळ १५ प्रमाणे दोघींची ३०. दिवसा कपड्यांचे बोचके एका टपरीत ठेवायचे २०. पाणी १०, फोन चार्जिंग १०. रोजचे १०० म्हणजे महिन्याला ३००० रुपये! रस्त्यावर राहण्याचे भाडेच म्हणा. स्वयंपाक करता येत नाही म्हणून दोन्ही वेळचे विकतचे खाणे वेगळे. मग खोली का घेत नाहीस? तर लांबच्या वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीलाही मालक ५० हजार डिपॉझिट मागतो. बोचके टपरीत ठेवणारीने ५० हजार साठवायचे कुठे? दोनदा पैसे चोरीला गेले. ज्याच्याकडे कुलूप नाही त्याची बचत होत नाही, हे मला कुठल्याच पुस्तकात शिकवले नव्हते.

चौथा मुद्दा, "निवारे असतात, पण हे लोक तिथे जात नाहीत." यात तथ्य आहे, म्हणून नीट पाहू. बाई आणि पुरुष वेगळे ठेवले की नवरा-बायको आणि पोरे कुठे जाणार? सकाळी लवकर बाहेर काढले की रात्रपाळीवाल्याने झोपायचे कधी? ओळखपत्र मागितले, सामान ठेवायला जागा नाही, जागा कामापासून दोन गाड्या बदलून, मग कोण जाईल? केंद्र सरकारचे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान २०१३मध्ये सुरू झाले. त्यातला नियम चांगला होता. शहराच्या दर एक लाख वस्तीमागे १०० माणसांची सोय, निवारा बारा महिने चोवीस तास उघडा, माणशी ५० चौरस फूट जागा, शिवाय स्वयंपाकघर, स्नानगृहे, सामानाला कप्पे. ५० चौरस फूट म्हणजे किती, तर मी आमचा डबल बेड मोजला, तोच ४० भरला.

आता हिशेब पुढे नेऊ. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. मुंबईत सुमारे ५७ हजार निघाले. शहराची लोकसंख्या तेव्हा १ कोटी २४ लाख. म्हणजे नियमाप्रमाणे सोय हवी साधारण साडेबारा हजार माणसांची. नियम पुरेपूर पाळला तरी पाचांतल्या जवळजवळ चौघांना जागा नाहीच! म्हणून निवारा ही पहिली पायरी आहे. त्यापुढे कमी भाड्याच्या खोल्या हव्यात, डिपॉझिटसाठी मदत हवी. पण पहिली पायरीच आपण बांधू देत नसू, तर पुढचे बोलण्यात काय अर्थ?

पाचवा मुद्दा सभेत सर्वांत हळू आवाजात निघाला आणि खरा तोच होता. "फ्लॅटचे भाव उतरतील. आपल्या सुनामुली रात्री त्या रस्त्याने येतात." दारू पिऊन पडणारे येतील, घाण होईल, ही भीती मी खोटी म्हणणार नाही. मलाही वाटली. पण आजही ती माणसे आमच्याच रस्त्यावर झोपलेली आहेत. केंद्र झाल्याने ती कुठून नव्याने येणार नाहीत. ती आहेतच, फक्त आता त्यांना दार नाही, दिवा नाही, शौचालय नाही. मग आपण नकार देण्याऐवजी अटी घालू या. इथे स्त्रियांचे आणि मुलांसह कुटुंबांचे केंद्र करा. रात्री महिला कर्मचारी हवी. रस्त्यावर दिवा, दाराशी वॉचमन हवा. देखरेखीच्या समितीत सोसायटीच्या दोन बायका घ्या. या अटी आपल्याही सोयीच्या आहेत.

सहावा मुद्दा आपल्यातल्याच एका ताईंचा. "आपण त्यांना जेवण देतोच की." देतो. पर्युषणात, कुणाच्या पुण्यतिथीला आपण पाकिटे वाटतो. मीही वाटली आहेत. पण आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आहार, औषध आणि उपकरण यांच्या बरोबरीने आवासही दानात धरला आहे. तिथला संदर्भ मुनींच्या सेवेचा आहे, हे मला माहीत आहे. तो मी ताणणार नाही. पण करुणादानात पात्र-अपात्र बघायचे नसते, हेही आपल्याला लहानपणापासून सांगितलेले आहे. मुनिसंघ येणार म्हटले की आपण जागा कशी असावी याचा किती बारीक विचार करतो! शांतता, उजेड, पाणी, जवळपास वर्दळ नको. जागेचे महत्त्व आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि माहेरची आठवण सांगते. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला, तेव्हा माझा भाऊ आणि वहिनी आठ दिवस एका शाळेत होते. खायला लोकांनी भरपूर आणून दिले, इतके की वाया गेले. वहिनीला आजही विचारा, ती जेवणाबद्दल बोलत नाही. "साडी बदलायला आडोसा नव्हता आणि रात्री संडासला जायला दोघी-तिघी मिळून उठायचो," एवढेच सांगते. आठ दिवसांचे तिला आजही आठवते. कोथिंबीरवालीच्या मुलीला आता पाळी येऊ लागली आहे. तिचे रोजच आठ दिवस.

बायकांना विचारले तर त्या नेमके सांगतात, हेही याच शहरात दिसले आहे. १९८५मध्ये भायखळ्याकडच्या फुटपाथवर राहणाऱ्यांची मोजणी स्पार्क या संस्थेने त्याच लोकांना बरोबर घेऊन केली. सहा हजारांहून अधिक कुटुंबे भरली. तिथल्या बायकांनी पुढे महिला मिलन सुरू केले, रोज थोडे थोडे पैसे साठवले, साड्या ताणून घराची मापे ठरवली. त्यांतल्या काहींना मानखुर्दला पक्की घरे मिळाली. त्याला दोन दशके लागली, पण त्या बायकांना सवय लागली होती म्हणून त्या फुटपाथवर राहत नव्हत्या, हे तर सिद्ध झाले.

मी सेक्रेटरींकडे जाऊन माझी सही काढून घ्या म्हणाले. पत्र आधीच गेले होते. मग मी वॉर्ड ऑफिसला वेगळे पत्र लिहिले की, मी विरोध मागे घेते आणि वरच्या अटींवर केंद्राला पाठिंबा देते. यांनी वाचले, दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि खाली स्वतःची सही केली. आणखी चौघींनी केली. तिसऱ्या मजल्यावरच्या एक ताई आता लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत. शाळेला अजून कुलूपच आहे. पत्राचे उत्तर आलेले नाही, पुढच्या आठवड्यात आम्ही पाचजणी जाऊन चौकशी करणार आहोत.

कोथिंबीरवालीला मी सगळे सांगून टाकले, सहीसकट. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, झाली तर खालच्या मजल्यावर द्यायला सांगा. पाटी घेऊन जिना चढता येत नाही." कडीपत्ता तिने नेहमीसारखा टाकला.

तुमच्या दारी असे पत्र आले, तर एवढेच करा. सही करण्याआधी खाली उतरा आणि रोज जिच्याकडून भाजी घेता तिला विचारा, तू रात्री झोपतेस कुठे? मग काय ते ठरवा.

पावसाळा तोंडावर आहे. औषधाच्या दुकानाच्या त्या पायरीवर पन्हळीचे पाणी पडते, ते मी परवाच पाहून आले.